एकोणपन्नास दिवस

देवमासा कापण्यात किओनारीचा हात धरणारा जपानमधल्या त्या बंदरात कुणी नव्हता, आणि त्याच्या लेकीएवढं हट्टीही कुणी नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मिहोको टोकियोहून आली आणि जेवताना वाटी सरकवत म्हणाली, "बाबा, देवमासा मी आता खाणार नाही. तुम्हीही हे काम सोडा."

"मी आणलेलं चालत नाही? मग माझ्यासोबत जेवायला बसू नकोस."

तेव्हापासून ती घरी आली की स्वयंपाकघरात एकटी जेवायची. बाहेर बाप, आत लेक. घास कुणाच्याच घशाखाली उतरायचा नाही, पण माघार घेतील तर शपथ! यंदा मात्र ती ठरवून आली होती: हे मिटवायचं, नाहीतर पुन्हा यायचंच नाही.

सकाळी ती कापणीच्या शेडवर गेली.

"आली का मोर्चेवाली, आमच्या पोटावर पाय द्यायला!" म्हातारा तोगाशी ओरडला.

"तुमच्या पोटाला माझा एक पाय कुठला पुरतोय, काका?"

सगळे हसले. मग तिला शेडच्या उतारावर ओढून आणलेला देवमासा दिसला आणि ती त्याच्या कडेने चालू लागली. फोटो तिने शेकडो पाहिले होते, घोषणाही दिल्या होत्या. पण त्याच्या शेपटीपासून डोळ्यापर्यंत चालत जायला एवढा वेळ लागतो, हे तिला कुठे ठाऊक होतं? आपण किती एवढेसे आहोत, असं तिला वाटलं.

किओनारीने लांब दांड्याचा कोयता चालवला. पोट उघडलं आणि त्याने एकदम हात वर केला. यंत्रं थांबली. आत पिल्लू होतं. पूर्ण वाढलेलं, डोळे मिटलेलं, वांग्यासारखं चकचकीत. शिवराळ म्हणून गावभर ओळखली जाणारी ती माणसं टोप्या काढून गप्प उभी राहिली. बापाने गुडघे टेकले आणि गळ्यातल्या पंच्याने पिल्लाचं तोंड पुसलं. असे बाबा तिने कधी पाहिले नव्हते.

दुपारी टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून पिल्लाला पुरलं. गावच्या देवळातल्या बौद्ध भिक्षूंनी त्याला नाव दिलं आणि गावातल्या मृतांच्या वहीत ते लिहिलं.

"एवढं वाटतं, तर मारता कशाला?" उतरताना तिने विचारलं. तिला रडू फुटत होतं आणि रागही येत होता.

"मलाही नाही सांगता येत," किओनारी म्हणाला.

संध्याकाळी ती सवयीने स्वयंपाकघरात बसली.

"अगं, आत काय करतेस? इकडे ये."

टेबलावर टोफू, मुळा आणि भात होता, बस. ज्याच्या कोयत्याला पिल्लू लागतं त्याने सुतकाचे एकोणपन्नास दिवस मांस-मासळीला शिवायचं नाही, ही तिथली रीत.

"पन्नासाव्या दिवशी मी खाणार आहे हं, सांगून ठेवतो."

"आणि मी नाही खाणार."

"माहितीये."

मिहोकोने बोटांवर हिशेब केला. "मध्ये सात रविवार येतात, बाबा. दर रविवारी मी जेवायला येत जाईन."

किओनारीने मान खाली घातली आणि बराच वेळ तो एकच घास चावत राहिला.