केसांतलं च्युइंगम

बसच्या सीटला कुणीतरी चावून चिकटवलेलं च्युइंगम पुतणीच्या केसांत अडकलं होतं. जाऊबाईंनी त्यावर गरम पाणी ओतलं, तर ते मऊ होऊन जास्तच पसरलं. जप आटोपून मी बाहेर आले आणि पाहिलं, त्या करड्या गोळ्यावर अजून कुणाच्यातरी दाढेचा ठसा होता.

"कात्री आणा," जाऊबाई म्हणाल्या. कमरेपर्यंतचे केस कानापाशी कापावे लागणार, म्हणून पोर रडायला लागली.

धाकटे दीर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. ते नाकाला रुमाल लावून दारातूनच म्हणाले, "वहिनी, पाण्याच्या रेणूला एकीकडे थोडा धन भार असतो, दुसरीकडे ऋण. त्यामुळे ते एकमेकांनाच ओढून धरतात. या रबरात तसं काही नाही, म्हणून पाणी त्याला विचारत नाही. तेल त्याच्यासारखंच असतं. तेल चोळा, सुटेल."

"मग या ना भावजी, चोळा," जाऊबाई म्हणाल्या.

"मला उलटी होईल."

"वा! शिकवायला पुढे, हात घालायला मागे!"

शेवटी देवाचं नाव घेऊन मीच बोटं तेलात बुडवली. परक्याच्या तोंडातलं ते उष्टं बोटांना लिबलिबीत लागलं, तेव्हा अंगावर शहारा आला. चोळता चोळता त्याची पकड सैल झाली आणि गोळा घसरून कागदावर पडला. एक बटही कापावी लागली नाही.

"काकू!" म्हणत पुतणी गळ्यात पडायला धावली.

मी पटकन मागे सरले. "आधी न्हाऊन ये, बाई."