मधल्या सुट्टीनंतरचा तास

मधली सुट्टी संपली की चौथीच्या वर्गाला वाचनाचा तास असे. तो नव्या बाईच्या गळ्यात पडला होता, कारण दुसऱ्या कुणालाच तो नको होता. जेवून आलेली मुलं पेंगतात, न जेवता आलेली चुळबुळतात, आणि पुस्तकाचा कंटाळा दोघांनाही सारखाच, असं गणिताचे सर म्हणायचे.

नवी बाई इथे शिकवायला कमी आणि शिकवणं शिकायला जास्त आली होती. शिक्षिका होण्याआधी काही महिने शाळेत काढावे लागतात. तिच्या बरोबरीच्यांनी नीट रंगवलेल्या भिंतींच्या शाळा निवडल्या. हिने ही मागून घेतली. वडिलांचे कारखाने, घरी माणसांपेक्षा खोल्या जास्त, आणि लेक मात्र छत गळणाऱ्या शाळेत. शिक्षकांच्या खोलीत याचा एकच अर्थ लावला गेला: बाईसाहेबांना हौस आली आहे. तिला बसायला दिलेली खुर्ची एका पायाने लंगडी होती. चांगली खुर्ची रिकामी असली तरी तिच्यावर कुणाची ना कुणाची पिशवी ठेवलेली असे. गाडी ती कोपऱ्यावरच सोडायची, पण पोरांच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नसतं. तिच्या अंगाचा सुवास पहिल्याच दिवशी वर्गभर झाला आणि शाळा सुटायच्या आत तिचं बारसं उरकलं. सेंटबाई.

सकाळच्या तासांना नवी बाई याच वर्गावर मदतीला असायची. तिथे दाराजवळ, शेवटच्या बाकाच्याही मागे, एक मुलगी जमिनीवर बसायची. पुस्तकाचं पान ती बोटांनी उलटत नसे; मूठ वळून बोटांच्या मागच्या बाजूने ढकलायची. "पुस्तक नीट धर," असं नवी बाई तिला एकदा जरा चढ्या आवाजात म्हणालीही होती. मुलीने ऐकून घेतलं आणि पुढचं पान पुन्हा तसंच उलटलं. आगाऊ दिसते, असं नव्या बाईने मनात ठरवून टाकलं.

ती मुलगी वाचनाच्या तासाला मात्र कधी नसायची. हे लक्षात यायलाच नव्या बाईला बरेच दिवस लागले. एके दुपारी तिने विचारलं, "इथली मुलगी कुठे गेली?"

"खराटी ना? कामाला गेली," किराणा दुकानवालीची लेक पुढच्या बाकावरून म्हणाली.

"कसलं काम?"

वर्गात खसखस पिकली. "बाई, तुम्ही जाऊन वास घ्या, म्हणजे कळेल."

नवी बाई गेली. शाळेच्या मागच्या अंगाला, मुलींच्या संडासात, ती मुलगी फ्रॉक गुडघ्यावर खोचून खराट्याने फरशी घासत होती. शेजारी बादली, आणि लेबल निघालेल्या बाटलीत ॲसिड.

"बाई, पुढे नका येऊ. ओलंय. घसराल."

"तुला कुणी सांगितलं हे करायला?"

मुलीला प्रश्नच कळला नाही. सूर्याला उगवायला कुणी सांगितलं असं विचारावं, तसं तिने बाईकडे पाहिलं. नव्या बाईने तिचे हात पाहिले. बोटांच्या पेरांची साल निघाली होती, बेचकीतली कातडी लाल आणि भेगाळलेली. मुलगी पान बोटांच्या मागच्या बाजूने का उलटते, ते तिला आता कळलं. आपला तो चढा आवाजही आठवला.

मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला नाही.

"सफाईला माणूस नाही. मागून मागून तोंड दुखलं. मग मुलं काय उघड्यावर बसवू?"

"पण तीच का? रोज? आणि वाचनाच्याच तासाला?"

"ती खालच्या आळीतली आहे. बाप गटारात उतरतो, आई रस्ते झाडते. त्यांना त्याचं काही वाटत नाही, सवय असते. तुम्हाला वाटतं, कारण तुम्ही नवीन आहात." मोठ्या बाईंनी एक घोट घेतला. "तिला शाळेत घेतलं तेव्हा इथे किती तमाशा झाला, माहीत आहे? आमच्या पोरांशेजारी ती नको, म्हणून बायका फाटकात उभ्या राहिल्या. मी मध्ये पडले. म्हटलं, दाराजवळ बसेल, वर थोडं काम करेल, कुणाला तिचा त्रास नाही. तेव्हा कुठे आवाज बंद झाले. तिच्यासाठी मी जे केलं, ते तुम्ही करून दाखवा आणि मग मला शिकवा. आणि वडिलांना फोन करायचा असेल तर आत्ताच करा, म्हणजे माझ्या डोक्याचा ताप एकदाचा संपेल."

नव्या बाईने फोन केला नाही. तिने त्याहून मोठी चूक केली, आणि ती चूक तिच्यासारखीच करू शकते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी संपताच तिने मुलीच्या हातातून बादली काढून घेतली. "तू वर्गात जाऊन बस. आज मी करते." पदर कमरेला खोचला, श्वास रोखला आणि आत शिरली. जन्मात कधी स्वतःचं न्हाणीघरही धुतलं नव्हतं. पहिल्याच खोलीत तिला उमासा आला. दाराशी पोरांची जत्रा जमली. "अरे, सेंटबाई, सेंटबाई आत," म्हणून कुणी ओरडलं. गणिताचे सर जाता जाता म्हणाले, "सेंटची एखादी बाटली ओता की. फरशीचं भाग्य उजळेल."

ती घामाघूम होऊन बाहेर आली, तेव्हा तिला स्वतःविषयी फार बरं वाटत होतं. ते खोटं कशाला सांगा. मुलगी वर्गात गेलीच नव्हती. भिंतीला टेकून उभी होती.

"माझं काम होतं ते," ती म्हणाली. आवाजात आभार सोडाच, राग होता. रागाखाली भीती होती, पण ती ओळखण्याइतकी नवी बाई अजून शिकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दाराजवळची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्या दिवशी तिथे एक मोडका बाक आणून टाकलेला दिसला.

"मुलगी का येत नाही?" तिने मोठ्या बाईंना विचारलं.

"यायचं कशाला? काम तुम्ही उचललंत. मग लोकांना सांगायला माझ्याकडे काय उरलं? परवा संध्याकाळीच बायका आल्या. म्हणाल्या, आता ती काही करत नाही, मग फुकट कशाला बसते आमच्या पोरांत. मी तिला सांगून टाकलं, नको येऊस." मोठ्या बाईंनी हात झटकले. "तिच्या पायाखालची फळी तुम्हीच काढलीत, बाई. मी नाही."

खालची आळी शाळेच्या मागच्या उतारावरच होती. शाळेच्या मागच्या खिडक्यांतून ती दिसायची, म्हणून त्या खिडक्या बंद ठेवायचे. मुलीची आई ओट्यावर नवऱ्याचे रबरी बूट धूत बसली होती. शेजारणी दारांतून बघत होत्या. नव्या बाईला कुणी बसायला सांगितलं नाही.

"तुम्हीच का त्या बादलीवाल्या?" आई म्हणाली.

"मी तिला त्रास व्हावा म्हणून नाही..."

"त्रास व्हावा म्हणून कोण करतं? सगळे चांगल्यासाठीच करतात." तिने बूट उलटा करून पाणी ओतलं. नव्या बाईच्या चपला भिजल्या. "लोकांनी हात लावला नाही त्या घाणीत हात घालून पोरगी बाराखडीपर्यंत पोचली होती. तुम्ही एक दिवस हौस केलीत आणि ती घरी बसली."

"उद्या पाठवा. मी तिला पुढच्या बाकावर बसवीन."

"आणि तुम्ही गेल्यावर? काही महिन्यांनी जाणारच ना तुम्ही? मग बादली पुन्हा तिच्याच हातात, आणि वर चार टोमणे."

"मी वडिलांना सांगून तिला दुसऱ्या चांगल्या शाळेत..."

"नको. गाडीतून जायची शाळा नको आम्हाला. हीच पाहिजे. घरातून घंटा ऐकू येते." आईने हात थांबवले. "एक सांगा. तुमच्या घरचा संडास कोण धुतं?"

"एक बाई येते."

"तिला पोरं किती? शाळेत जातात का?"

लहानपणापासून ती बाई मागच्या जिन्याने येत होती आणि मागच्या जिन्याने जात होती.

"बघा," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "बादली तुम्ही उचललीत. मोठा पराक्रम केलात. पण खाली ठेवलीत ती कुठे? पोरीच्या पुढ्यातच ना? ती सगळ्यांच्या हातात असेल, नाहीतर कुणाच्याच नसेल, तर पोरगी येईल. एवढं बोलाल? खोलीत दार लावून नाही. सगळ्यांसमोर."

त्या संध्याकाळी जेवताना नव्या बाईने स्वतःच्या आईला विचारलं, "मागच्या जिन्याने येते, तिला मुलं आहेत का गं?"

आईचा घास हातातच राहिला. "का? घरातलं काही गेलंय का?"

त्यानंतर नवी बाई जेवलीच नाही.

सकाळी मुलं अंगणात रांगेत उभी होती आणि त्यांना सोडायला आलेल्या बायका फाटकाशी रेंगाळत होत्या. मोठ्या बाई सूचना संपवून वळणार, तोच नवी बाई पुढे झाली. बोलणं सरळ येईना, म्हणून तिने जमेल तसं सांगितलं: संडास सगळी शाळा वापरते, तेव्हा धुण्याचं काम सगळ्या वर्गांनी वाटून घ्यायचं, शिक्षकांनीसुद्धा, वाचनाच्या तासाला नाही आणि ॲसिडने नाही. हे ज्यांना मान्य नसेल, त्यांनी माणूस मिळेपर्यंत आपली घाण आपण सोसावी. पण एका मुलीच्या हातात यापुढे बादली जाणार नाही.

क्षणभर कुणाला खरंच वाटलं नाही. मग फाटकाशी दुकानवाली फिसकारली, "आमची पोरं काय गू काढायला पाठवतो शाळेत?"

"मग तिची आई कशाला पाठवते?"

"तिचं वेगळं. त्यांचा धंदाच तो."

"ती दहा वर्षांची आहे. तिचा कसला धंदा?"

"ऐका, ऐका. गाडीतून यायचं आणि आम्हाला अक्कल शिकवायची. स्वतःच्या घरी मोलकरणी ठेवायच्या, आणि..."

"हो," नवी बाई म्हणाली. "माझ्या घरीही हेच चालतं. मला लाज वाटते त्याची. तुमचं तुम्ही बघा."

दुकानवालीला मिरच्या झोंबल्या. तिच्यामागोमाग बऱ्याच जणींनी आपापल्या मुलांचे हात धरले आणि त्यांना रांगेतून ओढून नेलं. दुकानवालीची लेक मात्र जाईना. आज मैत्रिणीबरोबर डबा वाटून खायचं तिचं ठरलं होतं. ती आईचा हात सोडवून आत पळाली. मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"पट कमी झाला की शाळा बंद करतात, माहीत आहे? तुम्ही गाडीत बसून जाल. ही उरलेली कुठे जातील? तुमच्या शेऱ्यात मी लिहिणार आहे, शिकवण्यास अयोग्य."

"लिहा. पण का, तेही लिहा."

मोठ्या बाईंना ते लिहिता येणार नव्हतं, आणि दोघींनाही ते ठाऊक होतं.

तेवढ्यात फाटकातून मुलगी आली. आई रस्त्याच्या पलीकडे झाडू धरून सगळं ऐकत उभी होती. आत आली नाही. मुलीच्या बोटांना कसलंसं मलम चोपडलेलं होतं. ती सवयीने वर्गाच्या दाराजवळ गेली. तिथला मोडका बाक नव्या बाईने ओढून बाहेर काढला आणि तिला दुसऱ्या रांगेत जागा दाखवली. शेजारचा मुलगा बाकाच्या टोकाला सरकला. इतका, की त्याचा अर्धा देह हवेत होता.

मधली सुट्टी झाली, संपली. बादली व्हरांड्यात होती तिथेच राहिली. येणारे-जाणारे तिला वळसा घालून गेले. गणिताचे सर नाकाला रुमाल लावून गेले. आज त्यांना विनोद सुचला नाही. ऊन तापलं तसा वास वर्गात शिरला. तो रोजच असायचा. इतके दिवस कुणीतरी तो सगळ्यांच्या नाकापासून दूर ठेवत होतं, एवढंच.

अर्ध्या रिकाम्या वर्गात वाचनाचा तास सुरू झाला. मुलगी उभी राहिली. पुस्तक बाकावर ठेवून तिने मलमाचं बोट पहिल्या शब्दाखाली धरलं.

"न... दी... नदी..."

कुणीतरी हसलं. ती थांबली नाही. "नदीच्या... का... ठी..."

दुकानवालीची लेक मध्येच परवानगी मागून मागे गेली आणि लगेच नाक दाबून परत आली.

"बाई, तिथे पाय ठेववत नाही."

सगळ्या वर्गाच्या माना आपोआप दुसऱ्या रांगेकडे वळल्या. मुलीचं बोट शब्दाखालीच थांबलं. तिचे पाय उठायला निघाले होते. पायांना सवय होती. नव्या बाईलाही वाटलं, आपणच उठावं, चार तांबे पाणी ओतून यावं, संपवावं एकदाचं. खुर्चीच्या कडा तिने दोन्ही हातांनी घट्ट धरल्या आणि ती बसून राहिली. इतक्या दिवसांत शिकवण्यातलं एवढंच तिला जमलं होतं.

"व्हरांड्यात बादली आहे," ती म्हणाली. "जाताना पाणी घेऊन जायचं. ज्याने त्याने."

"मी का? मी घरी सांगेन."

"सांग. आणि तुमच्या घरी हे कोण करतं, तिची मुलं कुठल्या शाळेत आहेत, तेही विचारून ये. मीही कालच विचारलं."

दुकानवालीची लेक धुसफुसत दारात उभी राहिली. ना आत, ना बाहेर. बादली तिच्यापासून हातभर अंतरावर होती.

"पुढे वाच," नवी बाई मुलीला म्हणाली.

मुलीने दाराकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. मग मान खाली घालून सालपटलेलं बोट पुढच्या शब्दाखाली सरकवलं, आणि वास सहन करत बसलेल्या त्या वर्गाला, एकेक अक्षर जोडत, ती ओळ शेवटपर्यंत ऐकावी लागली.