तिसऱ्या कडव्यातला बेस

शॅरनने जे सांगायचं ते तोंडावर सांगून टाकलं. "हन्नाताई, रविवारच्या प्रॅक्टिसपर्यंत बेस हाती आला तर ठीक. नाहीतर यंदाच्या उपकारस्तुतीला आपण ते गीत सगळे मिळून एका सुरात म्हणू. आणि एकदा एका सुरात म्हटलं की पुढं तसंच पडणार, हे मलाही कळतंय."

शॅरन म्हणजे नागापूरच्या चर्चची क्वायर सांभाळणारी बाई. शाळेत शिकवायची, हन्नापेक्षा वयानं लहान, पण सुराच्या बाबतीत कुणाची भीडभाड ठेवायची नाही. हन्नाला तिचा असा राग आला म्हणता! आणि राग आला तो शॅरनचं म्हणणं खरं होतं म्हणूनच.

उपकारस्तुती म्हणजे सुगीनंतर देवाचे आभार मानायचा सण, आणि गीत इथलंच, 'कोरड्या रानी झरा फुटला' असं सुरू होणारं. फार वर्षांपूर्वी चर्चमधल्या एका मास्तरांनी ते चार आवाजांत बसवलं आणि तोंडी शिकवलं. कागदावर काही उतरवलं नाही. वरचे तिन्ही आवाज म्हणणारी माणसं भरपूर, त्यामुळे ते टिकले. सगळ्यात खालचा, बेस, तेवढा एकट्या शांतवन भिंगारदिव्यांचा. शांतवन म्हणजे हन्नाचे वडील. "अहो, शिकवून ठेवा की कुणाला," असं कुणी म्हटलं की म्हातारा फाडकन म्हणायचा, "का? मी मेलो का काय?"

मेले नाहीत. पण गेल्या वर्षी उजव्या अंगावरून वारं गेलं आणि वाचा गेली ती गेलीच. आता ते खाटेवर बसून असत आणि डावा हात तेवढा चालायचा. त्या हाताची भाषा सोपी होती. काही चुकलं की खाटेच्या फळीवर थाप. बरोबर असलं की काहीच नाही. कौतुक करणं त्यांना बोलता येत होतं तेव्हाही जमलं नव्हतं.

पुरावा म्हणून उरलं होतं एक जुनं रेकॉर्डिंग. हन्ना लहान असताना उपकारस्तुतीला कुणीतरी टेपरेकॉर्डर लावला होता, ती कॅसेट पुढं मोबाईलवर उतरवून घेतली होती. हन्नाने ते मोबाईलवर वाजवलं तर वरचा आवाज आणि पेटी ऐकू येई, बेसचा पत्ताच नाही. तिने मोबाईल स्टीलच्या पातेल्यात ठेवून बघितला. आवाज मोठा झाला, पण पातेल्याचा. खाटेवरून थाप पडली.

"माहीत हाय हो पप्पा," हन्ना म्हणाली, "तुम्ही नका फळी मोडू."

सुट्टीच्या दिवशी ती नगरला गेली आणि श्रीमंतच्या दुकानात शिरली. श्रीमंत मोबाईलचं सामान विकायचा. त्याने आपणहून इयरफोनची एक काळी चकचकीत डबी पुढं केली. "हे घ्या ताई. बॅन्डवाली पोरं हेच नेत्यात. असा ठोका बसतो, थेट छातीत!"

"मला छातीत न्हाई, कानात पायजे. आणि ठोका नको, माणसाचा आवाज पायजे. गर्दीतल्या एकाच माणसाचा."

श्रीमंतने तिच्याकडे जरा निरखून बघितलं. मग खालच्या कप्प्यातून एक वायरवाला जोड काढला. "मग हा बघा. ह्याची तोंडं बदलता येत्यात. जे तोंड लावाल तसा आवाज."

डबीत कानात घालायच्या दोन बोंड्या होत्या आणि त्यांच्या टोकाला लावायच्या बारक्या पितळी नळ्यांच्या तीन जोड्या. लाल कडीची, काळ्या कडीची, पांढऱ्या कडीची. नळीच्या आत बारीक जाळी, बाहेरून आटे. श्रीमंत सांगत होता, "लालने खालचा आवाज फुगतो, पांढऱ्याने वरचा धारदार होतो, काळं मधलं," पण हन्नाचं लक्ष त्या आट्यांवर होतं. ती नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये बारक्या स्क्रूचे आटे तपासायची. तिने नळी चिमटीत धरून फिरवली. अडकली नाही, डगमगली नाही. "आटे चांगले पाडलेत," ती म्हणाली आणि घेऊन टाकलं. दुनियेत इयरफोन असे बघून घेणारी ती पहिलीच असावी.

घरी आल्याबरोबर तिने लाल तोंडं लावली. बेस हवा म्हणजे लालच, ह्यात विचार काय करायचा? पांढरी जोडी तिने डबीत मागं सरकवली आणि वर झाकण लावलं. गीत सुरू झालं आणि ढोलकी अशी उसळली की बाईने दोन्ही कान उपटल्यासारखे मोकळे केले. खालचा आवाज फुगला होता हे खरं, पण ढोलकीही खालचीच की! तिच्या घुमाऱ्यात बाप पार बुडून गेला होता.

मग काळी तोंडं. ढोलकी मागं सरली, तरी बेस काही येईना. एकदा येई, मान हलवली की जाई. शेवटी तिच्या ध्यानात आलं, कानाला लागणारं रबर सैल होतं आणि खालचा आवाज फटीतून गळून जात होता. डबीत लहानमोठी रबरं होती, ती तिने एकेक करून लावली. उजव्या कानाला मोठं बसलं, डाव्याला मधलं. आपले दोन कान सारखे नाहीत हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. पण रबरं घट्ट बसली, आणि ढोलकीच्या पलीकडून, पेटीच्या खालून, पप्पा आले.

आले म्हणजे काय, अगदी समोर उभे राहिल्यागत आले. तोच जाड, दमदार आवाज. वर्षभर ऐकला नव्हता. हन्ना चटईवर बसल्या जागी हमसून रडली. खाटेवर थाप पडली.

"रडू द्या की जरा," ती ओरडली. "सगळ्याचीच काय घाई!"

त्यानंतर रोज कामावरून आली की हन्ना खाटेशेजारी बसायची. एक ओळ ऐकायची, थांबवायची, गुणगुणायची. थाप पडली की पुन्हा. पहिल्या कडव्याला थापांचा नुसता पाऊस. दुसऱ्या कडव्यात बेस वेगळा चढायचा, तिथे तर म्हातारा इतका चिडला की त्याने चहाची बशीच ढकलून दिली. हन्नाने फरशी पुसली आणि पुन्हा तीच ओळ लावली. हट्टाला हट्ट भेटला होता, घरातलाच. शेवटी एका संध्याकाळी दुसरं कडवं संपलं तरी थाप पडली नाही. नॅथन तिच्याच वर्कशॉपमध्ये प्रेसवर होता, क्वायरमध्ये होता आणि खालच्या आवाजाचा होता. तिने त्याला जेवणाच्या सुट्टीत दोन्ही कडवी शिकवून टाकली.

राहिलं तिसरं. आणि तिसऱ्यात बेस नव्हताच.

म्हणजे सुरू व्हायचा, मग खोकला ऐकू यायचा, मोठा, उबळीचा, आणि मग बेस गायब. पार शेवटपर्यंत. वरचे तिघे गात सुटलेले. हन्नाने काळ्यातून ऐकलं, लालमधून ऐकलं, रबरं बदलून ऐकलं. खालच्या अंगाला कुणीच नाही. आणि तिसरं कडवं म्हणजे गीताचा जीव. तिथला बेस पहिल्या दोन कडव्यांसारखा नाही, तो उलटा खाली उतरतो, एवढंच चर्चमधल्या म्हाताऱ्या गोजरबाईंना आठवत होतं.

"पप्पा, इथं तुम्हाला खोकला झाला. मग कुणी म्हटला हो?"

म्हाताऱ्याने डाव्या हाताचं बोट उचललं आणि तिच्यावर रोखलं.

"व्हय, मलाच म्हणायचंय, पण काय म्हणू? सूर कुठाय?"

बोट तसंच. तिने पाणी आणलं, थाप. उशी सारली, थाप. बोट पुन्हा तिच्यावर. "आता माझ्यावर का चिडताय?" म्हणून हन्नाही चिडली आणि त्या रात्री दोघंही एकमेकांशी न बोलता जेवले, म्हणजे एक बोलू शकत नव्हता आणि दुसरी बोलली नाही.

शनिवार उजाडला. वर्कशॉपमध्ये भागवत सुपरवायझरने स्क्रूचा एक ट्रे नुसता बघून बाजूला सारला. "ह्याचे आटे गेलेले वाटतायत. टाका भंगारात."

"गेज लावलं का?" हन्नाने विचारलं.

"दिसतंय की."

"दिसून काय होतंय? गेज लावल्याशिवाय बाद न्हाई. तुमचाच नियम हाय." तिने ट्रे ओढला, एकेक स्क्रू आटे मापायच्या गेजमध्ये फिरवला. सगळे बसले. भागवत पुढच्या मशीनकडे वळला.

ट्रे पुढं सारताना मात्र तिचा हात थबकला. आणि आपण? पांढरी जोडी? ती तर आपण डबीतून बाहेरसुद्धा काढली नाही. खालचा आवाज शोधतोय, तिथे वरचं तोंड कशाला, म्हणून नुसतं बघून बाद केली. भागवतला नियम शिकवणारी ही शहाणी!

सुट्टी झाल्याबरोबर ती जवळजवळ पळतच घरी आली. चप्पलसुद्धा दारात नीट काढली नाही. पांढरी तोंडं फिरवून बसवली, रबरं चढवली, तिसरं कडवं लावलं. आधी कॅसेटची खरखर, सुपात ज्वारी पाखडावी तशी. वरचे आवाज टोचायला लागले. ढोलकी म्हणजे दूर कुठेतरी बोटं आपटल्यासारखी. खोकला आला. आणि खोकल्याच्या मागोमाग, टेपच्या अगदी जवळून, एक पोरगं गायला लागलं.

पोरगं म्हणजे चारपाच वर्षांचं. बारीक, किनरा आवाज. हन्नाला आधी वाटलं, कुणाचं तरी लेकरू मध्येच ओरडतंय. पण ते चाल म्हणत नव्हतं. सगळी क्वायर वर चढत होती आणि ते एकटं खाली उतरत होतं, पायरी पायरीने, न चुकता. बेसच्या वाटेने, फक्त लहान लेकराच्या उंचीवरून. आणि 'झरा'ला ते 'झला' म्हणत होतं.

'झला'. तिची आई होती तोवर तिला त्यावरून चिडवायची. पाहुण्यांपुढं मुद्दाम म्हणायला लावायची.

हन्नाने कानातलं काढलं आणि बापाकडे बघितलं. बोट तिच्यावर रोखलेलंच होतं.

"मी? पप्पा, मी हुते व्हय ती?"

थाप पडली नाही.

"तुमच्या मांडीवर हुते? तुम्हाला खोकला आला आणि मी म्हटला?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते, पण बोट खाली येत नव्हतं. कधीपासून हा माणूस तेवढंच सांगत होता. आणि आपण त्याला पाणी देत होतो, उशी देत होतो, चिडका म्हणत होतो! हन्नाला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने त्यांचा हात धरून कपाळाला लावला. मग तिने ते कडवं तोंडपाठ होईपर्यंत ऐकलं. फार वेळ लागला नाही. दोनतीनदा ऐकल्यावर पुढचा सूर कानात येण्याआधी घशात यायला लागला.

रविवारी तिने पप्पांना रिक्षात घालून प्रॅक्टिसला आणलं आणि पहिल्या बाकावर बसवलं. वाटेत नॅथनलाही उचललं आणि रिक्षातच त्याला तिसरं कडवं दिलं, खालच्या पट्टीत. पोराचा कान चांगला. रस्त्यातल्या खड्ड्यांतूनही त्याने सूर धरून ठेवला.

शॅरनने पेटीवर सूर दिला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. बेस खालून भरत आला तशी मागच्या बाकावरच्या गोजरबाई पदर तोंडाला लावून बसल्या. शॅरनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिसरं सुरू झालं, नॅथन उतरायला लागला, आणि बाकावर थाप पडली.

सगळे थांबले. "काय चुकलं?" शॅरनने विचारलं.

"चुकलं न्हाई ताई," नॅथन म्हणाला. "बरोब्बर घेतलं मी."

"पुन्हा," शॅरन म्हणाली. पुन्हा तिसरं, पुन्हा नॅथन अचूक, पुन्हा थाप. ह्या खेपेला जोरात. म्हाताऱ्याने डावा हात उचलला आणि बोट रोखलं, क्वायरच्या दुसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या लेकीवर.

आता हन्नाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "नॅथन, हे कडवं तू सोड, हे माझं हाय," ती म्हणाली. "शॅरन, सूर दे."

"पण ताई, तुमचा आवाज वरचा. बेस खाली हवा ना?"

"कॅसेटमधी वरच हाय. तू दे सूर."

शॅरनने तिच्याकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं आणि भाता ओढला. वरचे तिघे चढायला लागले. हन्ना एकटी खाली उतरायला लागली, पायरी पायरीने, बापाच्या वाटेने. 'झरा' शब्द आला तेव्हा तिने तो आता नीट म्हटला. शांतवन भिंगारदिव्यांचा हात बाकावर उघडा पडला होता. कडवं संपलं, पेटी थांबली, आणि सगळी क्वायर त्या हाताकडे बघत उभी राहिली.

थाप पडली नाही.