शिंप्याचं काम चालू आहे

आत्याचा एक हट्ट होता. पक्ष्याचं नाव घ्यायचं ते आपल्या भाषेतलं, आणि तेही शेजाऱ्याचं घ्यावं इतक्या सहजपणे. त्यामुळे सुट्टीत तिच्याकडे राहायला आलेली नऊ वर्षांची भाची चारच दिवसांत कोतवाल, तांबट, सुतार, खाटीक असा सगळा बाजार ओळखायला लागली. या भाचीला घरात टिटवी म्हणत. ती एकदा बोलायला लागली की तीन मजले जागे व्हायचे.

"आत्या, कोतवालानं कावळ्याला हाणलं!" ती जिन्यातून ओरडली की वरच्या मजल्यावरचे काका खिडकीतून वाकून रस्त्यावर मारामारी शोधत.

पाचव्या दिवशी टिटवीनं स्वतःचा शोध लावला. इमारतीच्या फाटकाशी अंजिराचं झाड होतं. त्याची दोन पानं एकमेकांना कडेकडेनं जोडलेली होती आणि मध्ये पेल्याएवढी पोकळी झाली होती. पानांना बारीक भोकं होती आणि त्या भोकांतून कापसाचे पांढरे टाके बाहेर आले होते.

"शिंपी!" आत्या पुटपुटली. तीस वर्षं ग्रंथालयात काढून निवृत्त झाल्यावर तिनं दुर्बीण घेतली होती आणि तेव्हापासून ती लांबलांबची झाडं धुंडाळत होती. नाकासमोरचं घरटं मात्र पोरीनं शोधलं. याचं तिला वाईट वाटलं नाही. उलट दिवसभर ती ज्याला त्याला हेच सांगत सुटली.

"मी एकदाच डोकावते. किती पिल्लं आहेत तेवढंच बघते."

"दहा पावलं मागे. रोज. आणि पिल्लं आहेत हे तुला कुणी सांगितलं?"

तेवढ्यात चिमणीहून लहान, हिरवट पाठीचा, तांबूस टोपीचा पक्षी शेपटी उभारून फांदीवर आला.

"चोचीत काय आहे?"

"अळी."

"खाल्ली?"

"नाही. घेऊन आत गेला. आता रिकाम्या चोचीनं बाहेर आला... म्हणजे आत खाणारं कुणीतरी आहे!"

"बघ, न डोकावता कळलं की नाही? आता डोकावायची गरज उरली का?"

"उरली," टिटवी प्रामाणिकपणे म्हणाली.

अडचण गुरुवारची होती. अंजिराच्या फांद्या फाटकात येतात म्हणून त्या दिवशी माळी त्या छाटणार होता, आणि नेमकी त्याच सकाळी आत्याची दाढ दंतवैद्याकडे जाणार होती. टिटवीला घरी एकटी ठेवणं शक्य नव्हतं. मग बुधवारी संध्याकाळी दोघींनी झाडाला लावायची पुठ्ठ्याची पाटी केली. आत्यानं मजकूर सांगितला, टिटवीनं ठळक अक्षरात लिहिला: 'शिंप्याचं काम चालू आहे. संपेपर्यंत फांदी तोडू नये.'

"शिंपी पक्षी लिहू का?" टिटवीनं विचारलं.

"मोराला आपण मोर पक्षी म्हणतो का? शिंपी म्हणजे शिंपी." आपल्या वाक्यावर आत्या जाम खूश होती.

गुरुवारी सुजलेला गाल धरून ती परतली, तेव्हा फाटकाशी अंजिराच्या फांद्यांचा ढीग पडला होता. माळी शिडीवर होता.

टिटवीनं किंकाळी फोडली. माळ्याच्या हातून कात्रीच पडली.

"अहो, पाटी वाचली नाहीत?" आत्यानं बधिर झालेल्या तोंडानं विचारलं.

"वाचली की! वाचली म्हणून तर समोर जाऊन विचारून आलो." माळ्यानं रस्त्यापलीकडच्या टेलरिंगच्या दुकानाकडे बोट केलं. "म्हटलं, मास्तर, काम झालं का? मान वर न करता म्हणाले, झालं, झालं, कधीच झालं. मग तोडायला घेतलं."

आत्याच्या लक्षात आलं आणि दाढेची कळ विसरायला झालं. समोरच्या माणसाला सगळी गल्ली मास्तर म्हणायची. तोही शिंपीच आहे, हे पाटी लिहिताना तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

गळ्यात मापाची टेप अडकवून मास्तर धावत आले. "काय झालं? माळीबुवा, मी तुमच्या पँटबद्दल बोलत होतो हो!"

"पँट झाली?"

"म्हणजे... काजं राहिलीत. आणि खालची पट्टी. आणि एक पाय."

"तीन आठवडे हेच ऐकतोय मी," माळी म्हणाला. "आणि तरी विश्वास ठेवला. माझीच कमाल आहे!"

घरट्याची डहाळी शाबूत होती, पण भोवतालचा आडोसा गेला होता. जोडलेल्या पानांवर थेट ऊन पडत होतं. पक्षी कुठेच दिसत नव्हता.

"चूक माझी आहे," आत्या म्हणाली. "रडायचं नंतर. आधी सावली करू. तोडलेल्या फांद्याच परत बांधा, पानांसकट. बांधायला काय आहे?"

मास्तर दुकानातून परकराच्या नाड्यांची गुंडाळी घेऊन आले. माळ्यानं फांद्या धरल्या आणि मास्तरांनी गाठी मारल्या. मारता मारता त्यांचं लक्ष पानांच्या शिवणीकडे गेलं.

"अरे वा! गाठ नाहीच. दोऱ्याचं टोक कुसकरून फुगवलंय, म्हणजे भोकातून निसटायला नको. आणि हा कापूस तर माझ्या दारातला दिसतोय."

"मास्तर, हात लवकर चालवा!" आत्या म्हणाली.

मग चौघं आत्याच्या खिडकीत जाऊन बसली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कुंपणावरून "टुविट, टुविट" ऐकू आलं आणि लांब गेलं. टिटवी एक शब्द बोलत नव्हती, आणि आत्याला तेच सोसवेना.

"येईल ना?" शेवटी टिटवीनं विचारलं.

"माहीत नाही," आत्या म्हणाली. मुलांना खोटा धीर द्यायचा नाही, हा तिचा दुसरा हट्ट होता. "पण आत भुकेली पोरं आहेत हे त्यांच्या आईबापांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आपण फक्त लांब राहायचं."

पाऊण तासानं कुंपणावर तांबूस टोपी दिसली. चोचीत अळी होती. पक्षी नाडी बांधलेल्या फांदीवर उतरला, मान वाकडी करून नाडीकडे बघितलं, शेपटी दोनदा झटकली आणि सुर्रकन पानांच्या आत शिरला. बाहेर आला तेव्हा चोच रिकामी होती.

टिटवीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. ओरडणं तिनं प्रथमच गिळलं असेल.

"माळीबुवा, तुमची पँट उद्या नक्की," मास्तर हळूच म्हणाले.

"राहू दे," माळी कुजबुजला. "आधी या शिंप्याचं होऊ दे."

पाटी बदलली: 'इथे पक्ष्याची पिल्लं आहेत. समोरच्या दुकानात विचारू नये.'

नऊ दिवसांनी सकाळी टिटवीला मोजायला मिळालं. आखूड शेपटीची चार पिल्लं सुकलेल्या फांदीवर नाड्यांच्या गाठींमध्ये एकमेकांना ढकलत बसली होती. आई खालून बोलावत होती. एकेक करत तिघं शेजारच्या झुडपात गेली. चौथं बराच वेळ अडून बसलं. टिटवी दहा पावलांवर उभी राहून त्याची वाट बघत होती, एकही पाऊल पुढे न टाकता.

तेही गेलं. तिनं वहीत चार आकडा लिहिला आणि रस्ता ओलांडून दुकानाच्या दारात गेली.

"मास्तर, शिंप्याचं काम झालं!"

"झालं, झालं, कधीच झालं," मास्तर मान वर न करता म्हणाले. मशीनवर माळ्याच्या पँटचा दुसरा पाय होता.