पिंपाची ऊब

हिवाळ्यात मी घरात शेगडी पेटवत नाही. लोक मला चिकट म्हणतात. म्हणोत. विचारलंच कोणी तर सांगतो, मी घरी बिअर करतो, तीही लागर नावाची फिकट बिअर, आणि लागर थंडीतच नीट होते. आता बिअरचं पिंप मागच्या धुण्याच्या खोलीत आणि शेगडी पुढच्या खोलीत, मग दोघांचा संबंध काय, ते विचारू नका. एकट्यासाठी ओंडके जाळायचं जिवावर येतं, एवढंच.

बिअर करणं काही अवघड नाही. माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या, पाकाचा डबा गरम पाण्यात ठेवायचा, की आतला काकवीसारखा घट्ट पाक सैल होतो. तो उकळत्या पाण्यात विरघळवून पिंपात ओतायचा, वर नळाचं पाणी घालायचं, आणि सगळं गार झालं की यीस्ट भुरभुरवून झाकण लावायचं. आमच्या रिव्हर्टन गावात जुलै म्हणजे ऐन हिवाळा, नळाचं पाणी हात बधिर करतं, त्यामुळे फार थांबावं लागत नाही. एका डब्यात क्रेटच्या क्रेट बिअर होते. एकट्या माणसाची कृती डब्यावर कोणी छापत नाही.

झाकणावर पाणी भरलेली एक वाकडी नळी असते. आत आंबायला लागलं की तिच्यातून वायू सुटतो आणि बुडुक असा आवाज होतो. माझी बायको ग्लेनिस गेली, तेव्हापासून या घरात आपणहून बोलणारं तेवढंच. जेवताना मी मधलं दार उघडं ठेवतो.

नाही म्हणायला समोरची नोएलीन दर गुरुवारी येते. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. येताना चीज रोल आणते आणि मागच्या खेपेच्या रिकाम्या बाटल्या विसळून आणते. अंगातला कोट काढत नाही. माझ्या गारठलेल्या घराला तो टोमणा आहे, हे मला कळतं. मग सुरू होते: तिचा खुबा, तिचं मांजर, ऑस्ट्रेलियातली सून. तोंडाला विसावा म्हणून नाही. मी हं हं करतो आणि घड्याळाकडे बघतो.

"शेगडी पेटव रे, आर्ची," निघताना ती दर वेळी म्हणते. "गारठून मरशील एक दिवस आणि मला कळणारही नाही."

"तुला कळल्याशिवाय या गावात मरायची कोणाची हिंमत आहे?"

गेल्या गुरुवारी मात्र तिने ग्लास अर्धा ठेवला आणि म्हणाली, ग्लेनिस होती तेव्हा तुझ्या बिअरला चव होती, आता लोणी फासल्यासारखी लागते.

मला राग आला, कारण ते खरं होतं. लागरची ही खोडच आहे. ती थंडीत होते, पण शेवटी तिला दोन-तीन दिवस ऊब द्यावी लागते, मग यीस्टच तो लोण्याचा वास खाऊन टाकतं. पूर्वी मी पिंप पुढच्या खोलीत शेगडीजवळ आणायचो. "पिंपाला शेगडी आणि मला गोधडी," असं ग्लेनिस म्हणायची. ती गेल्यावर दोन हिवाळे मी लोण्याच्याच वासाची बिअर प्यायलो. सांगणार कोण?

या बुधवारी मी पिंप घोंगडीवर ठेवून हळूहळू ओढत पुढे आणलं. तळाचा गाळ हलता कामा नये, नाहीतर बिअर गढूळ होते. मग शेगडी पेटवली आणि दोन खुर्च्या जवळ ओढल्या. गुरुवारी नोएलीन आली की पिंपातली घोटभर काढून तिच्यापुढे ठेवायची आणि म्हणायचं, आता बोल.

गुरुवारी ती आली नाही.

मी अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. खोली छान गरम झाली होती आणि त्या उबेत मला इतकं एकटं वाटलं, की थंडीत तसं कधी वाटलं नव्हतं. तिची बडबड नको असायची मला. पण आता कान तिच्यासाठीच दाराकडे लागले होते.

शुक्रवारी सकाळी जाब विचारायला मी रस्ता ओलांडला. ती स्वयंपाकघरात बसली होती, मांडीवर मांजर, पायाशी गरम पाण्याची पिशवी. अंगात कोट.

का आली नाहीस, असं मी जरा घुश्शातच विचारलं.

"तुझ्या धुराड्यातून धूर दिसला," ती म्हणाली. "दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, आलं असेल कोणीतरी तुझ्याकडे. मग मी कशाला मध्ये?"

"माझ्याकडे कोण येणार?"

"मला काय माहीत? धूर नसायचा म्हणून मी यायची. आहेस की गेलास ते बघायला."

मी तिच्या शेगडीकडे पाहिलं. आत राख नव्हती, वारा येऊ नये म्हणून जुनी वर्तमानपत्रं कोंबून ठेवली होती. माझ्या खिडकीतून तिचं धुराडं नाकासमोर दिसतं. मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

"एकटीसाठी कुठे पेटवायची," ती म्हणाली.

मला माझीच लाज वाटली. मी घरी आलो. पिंप घोंगडीत गुंडाळून हातगाडीवर चढवलं, बाजूला ओंडके रचले. लागरचा सगळा मान तिच्या नितळपणात असतो. रस्त्यावरच्या खडीत ती हिंदकळणार, गाळ वर येणार, हवा मिसळून पुठ्ठ्यासारखी चव लागणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. चाक खडखडत राहिलं आणि मी ढकलत राहिलो.

नोएलीन दारात उभी होती. "हे काय आता?"

"बिअरला अजून दोन दिवस ऊब हवी आहे. माझी लाकडं संपत आली."

"तुझ्या अंगणातला ढीग मला इथून दिसतोय, आर्ची."

मी गुडघे टेकून वर्तमानपत्रं बाहेर काढली, ओंडके रचले, काडी लावली. शेगडीला पेट घ्यायला वेळ लागला. मग आम्ही दोघं पिंपाच्या दोन बाजूंना बसलो. कधी नव्हे ती नोएलीन गप्प होती. पिंपातून बुडुक असा आवाज आला.

थोड्या वेळाने तिने कोटाची बटणं सोडली.