गोल मारला की पलीकडे

लेकरांच्या खेळात मोठी माणसं घुसली की खेळाची वाट लागते. हे मी तोंडावर बोलतो, म्हणून दिग्रसच्या कॉलनीतले आईबाप मला उद्धट कंडक्टर म्हणतात. म्हणू द्या. मी खेमसिंग, एसटीत कंडक्टर. गाडी मागे घेताना वाजवायची शिट्टी कायम माझ्या खिशात असते, म्हणून रविवारी बंजारा तांड्याखालच्या पडीक वावरात पंच मीच.

कापसाच्या पऱ्हाट्यांचे दोन भारे उभे केले की फुटबॉलचा गोल तयार. नियम एकच: ज्यानं गोल मारला, तो पलीकडच्या टीममध्ये जातो. हा नियम तांड्यातल्या रुपीबाईच्या सोनूमुळे झाला. ही पोरगी अशी पळते, की ती ज्या बाजूला ती बाजू जिंकते आणि समोरची बारकी पोरं रडत घरी जातात. तिला पलीकडे पाठवलं की कोणी रडत नाही, खेळ दुपारपर्यंत पुरतो.

कॉलनीतली काही पोरंही सायकली हाणत यायची. त्यांत वकील मंदार साहेबांची स्पृहा. चष्मेवाली, गुबगुबीत. आधी खदाखदा हसायची, मग पळायची. एकदा साहेब तिला न्यायला आले आणि बघतात तर पोरगी हरूनही नाचतेय! झालं. साहेबांच्या पोटात दुखलं. पुढच्या रविवारी कॉलनीच्या पोरांच्या अंगात निळ्या जर्सी. कॉलनी विरुद्ध तांडा!

स्पृहा हळूच माझ्याजवळ आली. "खेमसिंगकाका, आज आम्ही हरलो तर इथलं खेळणं बंद. बाबा रविवारी अबॅकसचा क्लास लावणारेत."

माझं डोकंच सणकलं. पोरांच्या पायांनी बाप खेळतो आणि हरला की पोरांचेच पाय बांधतो! तरी तोंड आवरून विचारलं, "साहेब, नियम कोणते लावू?"

"तुमचेच लावा हो. कुठल्याही नियमानं हरवू."

"बघा हं. मग बदलायचं नाही."

"अहो, वकिलाचा शब्द आहे!"

मी शिट्टी फुंकली. पहिल्याच झटक्यात सोनूनं गोल ठोकला. गोलमध्ये स्पृहा डोळे मिटून उभी होती. साहेबांनी कपाळावर हात मारला. आणि सोनू गुमान चालत येऊन निळ्या पोरांत उभी राहिली.

"ए, ही इकडे कशी?"

"गोल मारला ना, काका," सोनू म्हणाली. "आता मी तुमची."

साहेबांना रागवावं की खूश व्हावं कळेना. मग खूश झाले. "मार, सोनू, मार!" सोनूनं मारला. बरोबरी! साहेब टुणकन उडाले. "शाब्बास, माझी वाघीण!"

वाघीण निघाली परत तांड्याकडे.

"अगं, कुठे चाललीस? थांब ना!"

बांधावर शेळ्या घेऊन बसलेली रुपीबाई म्हणाली, "साहेब, मले घरात नाही आवरत ते पोरगी. तुमी कायले घसा फाडून राह्यले?"

मग कॉलनीतल्या सलीलनं गोल मारला, तो तिकडे गेला. तांड्यातल्या प्रेमनं मारला, तो इकडे आला. निळ्या जर्सी दोन्हीकडे झाल्या. साहेब कोणासाठी ओरडतायत ते साहेबांनाच कळेना. एकदा तर त्यांनी तांड्याच्या गोलला टाळ्या पिटल्या आणि लक्षात येताच हात खिशात घातले.

ते बघून स्पृहाचं हसू सुटलं. बॉल तिच्याकडे आला, तर तिनं तो अडवलाच नाही, घेऊन सुटली! अख्खं वावर पार. चष्मा एका कानावर, तोंडानं हॅ हॅ हॅ. सोनू आडवी गेली, तर तीच हसून पडली. गोल! आणि दोन्ही हात वर करून स्पृहा तांड्याच्या टीममध्ये.

"स्पृहा, मागे ये! आपला गोल रिकामा आहे!" साहेब बूट घालून वावरात घुसले. "पंच, कोण जिंकतंय सांगा आधी!"

"तुमची पोरगी आत्ता दोन्हीकडे खेळली. तुम्हीच सांगा."

साहेबांनी रागानं पायाशी आलेला बॉल लाथाडला. तो सरळ तांड्याच्या पऱ्हाट्यांमधून आरपार गेला.

सगळी पोरं एकदम ओरडली, "पलीकडे! पलीकडे! पलीकडे!"

"मी खेळत नव्हतो!"

"गोल त मारला ना!" सोनू म्हणाली.

"कुठल्याही नियमानं हरवू म्हणाला होतात," मी म्हणालो. "वकिलाचा शब्द!"

काय करतात? गेले. पलीकडे स्पृहा कमरेवर हात ठेवून उभी होती. "या बाबा. पण आमच्यात ओरडायचं नाही. ओरडतो त्याला गोलमध्ये उभं करतात. आणि आता आपली टीम हरली, तर अबॅकसला तुम्ही जायचं."

ऊन चढलं. मला दुपारची पुसद गाडी घ्यायची होती. शिट्टी ओठांशी नेली, तर गोलमधून साहेब हात हलवायला लागले. ओरडून ओरडून तिथे पोचले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मिशीत धूळ.

"वाजवू नका हो, खेमसिंग! मला अजून एकदा पलीकडे जायचंय!"

"गाडी चुकेल माझी. पुढच्या रविवारी जा."

साहेबांनी स्पृहाकडे बघितलं. पोरगी श्वास धरून उभी.

"पुढच्या रविवारी लवकर उठशील का गं?" साहेबांनी विचारलं.

स्पृहानं चष्मा काढून सोनूच्या हातात दिला आणि भर धुळीत कोलांटी मारली.