लमारच्या नावावर चार व्हिस्की

टायटसव्हिलच्या ट्रेलर पार्कात, त्या चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, कुणाला क्रूझवर जायची हुक्की आली, की तो आधी वर्लीन टकरच्या दारात यायचा आणि मग कंपनीला पैसे भरायचा. जाहिरात वाचून परस्पर बुकिंग करणारे दोनचार शहाणे निघाले होते. त्यांना वर्लीनने नंतर असं फैलावर घेतलं, की पुढच्या वर्षी तेही मुकाट्याने तिच्या ओट्यावर येऊन बसले.

"'फुकट' हा शब्द मोठ्या अक्षरात असतो," ती म्हणायची, "आणि पैसे बारीक अक्षरात. ते बारीक कोण वाचतंय?"

वर्लीन वाचायची. तीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये पोरांच्या रांगा हाकून निवृत्त झालेली बाई, तिला आता वेळच वेळ होता. अनामत कधी परत मिळते, कधी बुडते, शेवटचा हप्ता भरल्यावर काय बदलता येतं, सगळं तिला तोंडपाठ.

यंदाची ऑफर तिने स्वतःसाठी राखून ठेवली होती. जुन्या गिऱ्हाइकाने आपल्या केबिनमध्ये नवं गिऱ्हाईक आणलं, तर नव्याला तिकीट अर्ध्यात, वर केबिनच्या खात्यात बोटीवर खर्चायला दोनशे डॉलर जमा. खर्च केले नाहीत तर शेवटच्या दिवशी कंपनीच्या घशात, हातात रोख एक पै येणार नाही. वर्लीन आणि तिचा नवरा लमार, दोघेही जुने. शेजारचे क्लाइड आणि ओपल बूथ जन्मात बोटीवर चढले नव्हते. मग वर्लीनने कागदावर दोन बाप्ये एका केबिनमध्ये घातले आणि दोन बाया दुसरीत. दोन नवे, दोन जुने, दोन्ही केबिनींना दोनशे दोनशे.

"म्हणजे सात रात्री मी तुझ्याशेजारी घोरायचं?" ओपलने विचारलं.

"कागदावर घोर गं. वर चढलं की काउंटरवर जादा किल्ल्या मागायच्या आणि आपापला नवरा उचलून न्यायचा. सगळे असंच करतात."

क्लाइड खूश झाला. लमारला मात्र बोटीवर जायचंच नव्हतं.

त्याचं कारण पार्कात सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी बोलायचं नाही. लमारने चौदा महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. त्याआधीची अकरा वर्षं वर्लीनने जी काढली, ती तिची तिला ठाऊक. बाटली कधी संडासाच्या टाकीत सापडायची, कधी नाताळच्या झाडाच्या खोक्यात, आणि लमार दर वेळी मुलीची शपथ घेऊन सांगायचा की थेंब घेतला नाही. शेवटी एकदा त्याने पिकअप गाडी पार्काच्या टपालपेट्यांवर घातली. त्या दिवशी वर्लीनने आवाजसुद्धा चढवला नाही. "पुढच्या खेपेला मी भांडणार नाही," ती म्हणाली. "बॅग उचलीन आणि ओकाला गावी मुलीकडे जाईन. परत येणार नाही." लमारने मान डोलावली, आणि तेव्हापासून दारूला शिवला नव्हता.

"बोटीवर पावलापावलाला बार असतो, वर्लीन," तो म्हणाला होता.

"मी आहे ना. आणि रोज दुपारी दोनला दारू सोडलेल्यांची बैठक असते, प्रत्येक बोटीवर. मी पाहिलंय छापलेलं."

शनिवारी ते पोर्ट कॅनाव्हरलला बोटीवर चढले. ज्याचं त्याचं कार्ड केबिनच्या दाराला पाकिटात अडकवून ठेवलेलं होतं. बोटीवर तेच कार्ड म्हणजे किल्ली, तेच पैशांचं पाकीट, तेच ओळखपत्र. वर्लीनने त्यासाठी गळ्यात अडकवायच्या क्रोशाच्या पिशव्या विणून आणल्या होत्या. नाव आणि नंबर चारचौघांत दिसू नये म्हणून पूर्ण झाकलेल्या. लमारला हिरवी, क्लाइडला केशरी. कार्ड बाहेर काढायचीही गरज नाही, पिशवीसकट यंत्राला टेकवलं की काम झालं. बाप्यांच्या केबिनच्या पाकिटातली दोन कार्डं तिने दोन पिशव्यांत सरकवली आणि वाटून टाकली. वाचायचा चष्मा बॅगेत होता, आणि बॅगा अजून वर यायच्या होत्या.

रविवारी जेवणाआधी तिने केबिनमधला टीव्ही लावला. त्यावर खातं दिसतं, आणि दिवसातून एकदा खातं पाहिल्याशिवाय वर्लीनला चैन पडत नाही. आता नाकावर चष्मा होता.

टकर, लमार. व्हिस्की, शनिवार, सायंकाळी सहा दहा. व्हिस्की, रविवार, सकाळी अकरा पाच. व्हिस्की, अकरा पन्नास.

खाली बूथ, क्लाइड. कॉफी. कॉफी. जिंजर एल.

शनिवारी सहाला लमार म्हणाला होता, 'जरा वर फिरून येतो.' आज अकराला म्हणाला, 'पत्ते खेळायला जातो.' तिने ओळी पुन्हा वाचल्या. बारीक अक्षर वाचण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, आणि इथे तर अक्षर चांगलं मोठं होतं. क्लाइडसारखा पिंपभर पिणारा माणूस कॉफीवर आणि आल्याच्या सोड्यावर राहिला, ओपलने त्याला बरा ताळ्यावर आणला. आणि आपण मेलं चौदा महिने जपून काय मिळवलं, असं तिच्या मनात आलं. आधी राग आलाच नाही. आला तो नुसता थकवा.

लमार शीळ घालत आत आला. "काय गं, जेवायला येतेस ना?"

"थांब. कॉलर बघ कशी दुमडलीय." ती उठली, त्याच्या मानेपाशी हात नेला आणि नाकाने खोल श्वास घेतला. लमार उंच, तो थोडा वाकला. पेपरमिंटचा वास आला. अकरा वर्षं पेपरमिंटचाच वास यायचा.

"गोळी खाल्लीस वाटतं?"

"हो. जेवणघराच्या दाराशी वाटीभर ठेवल्यात. तुला आणू?"

"नको. तुलाच लागतील," ती म्हणाली. लमारने तिच्याकडे पाहिलं आणि दार उघडून धरलं.

त्या दिवसभरात तिने त्याची कॉलर आणखी दोनदा नीट केली. जेवताना ओपलने विचारलं, "काय झालंय गं तुला? फुकट मिळालेलं आईस्क्रीमसुद्धा खाईनास?"

"फुकट काही नसतं," वर्लीन म्हणाली.

"झालं! बाईसाहेब सुट्टीवरही शिकवणी घेणार," क्लाइड हसला. त्याचे गाल लालबुंद झाले होते. उन्हाने, असं वर्लीनला वाटलं.

सोमवारीही दिवसभर समुद्रच. दुपारी पावणेदोनला लमार बैठकीला म्हणून निघाला. वर्लीन पाच मिनिटांनी त्याच्या मागोमाग गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीचं दार बंद होतं, आणि दारावर कागद होता: फक्त सोडलेल्यांसाठी. तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला. आत लमार असला, तर त्याला कळणार की बायको पाळत ठेवतेय. नसला, तर मग काय उरलं? तिने हात काढून घेतला आणि केबिनमध्ये परत आली. चारला टीव्ही लावला.

टकर, लमार. व्हिस्की, सोमवार, दुपारी दोन वीस.

म्हणजे बैठकही थापच. वर्लीनने टीव्ही बंद केला आणि कपाटातून आपली छोटी बॅग काढली. मंगळवारी बोट परक्या देशातल्या कोझुमेल बंदराला लागणार होती. अर्ध्यावर उतरलं तर उरलेल्या दिवसांचा एक डॉलर परत मिळत नाही, खात्यातले दोनशेही जातात, शिवाय काउंटरवर लेखी द्यावं लागतं. हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? बोटीनेच परतायचं असेल तर जन्मदाखला पुरतो, विमानाने यायचं तर पासपोर्ट हवा, म्हणून तिने सगळ्यांच्या मागे लागून पासपोर्ट काढायला लावले होते. "अडीअडचणीला असावा," ती म्हणाली होती. तिने आपला पासपोर्ट पर्समध्ये टाकला, दोन झगे बॅगेत घातले आणि बॅग पलंगाखाली सरकवली. आयुष्यात पहिल्यांदाच भरलेले पैसे सोडून द्यायला निघालेली वर्लीन पलंगाच्या कडेवर बसली आणि ढसाढसा रडली.

मंगळवारी सकाळी उतरायची रांग लागली. पुढे लमार, त्याच्या मागे क्लाइड, मग ओपल, शेवटी बॅग घेतलेली वर्लीन. "बॅग कशाला?" ओपलने विचारलं. "टॉवेल आहेत," वर्लीन म्हणाली. किनाऱ्यावर पाय ठेवला की लमारला सांगायचं, बोटीवर तमाशा नको, असं तिने ठरवलं होतं.

लमारने हिरवी पिशवी यंत्राला टेकवली. यंत्र किंचाळलं.

पहारेकऱ्याने पडद्याकडे पाहिलं, मग लमारकडे, मग पुन्हा पडद्याकडे. "मिस्टर बूथ?"

"टकर," लमार म्हणाला.

"तुमच्या कार्डावर हे गृहस्थ आहेत." त्याने पडदा वळवला. पडद्यावर क्लाइड होता, झुबकेदार मिशांसकट.

"अरेच्चा, मी!" क्लाइड ओरडला आणि आपली केशरी पिशवी पुढे करून टेकवली. यंत्र पुन्हा किंचाळलं. पडद्यावर लमारचं टक्कल आलं. "तरीच! बारवाला तीन दिवस मला 'टकरसाहेब, टकरसाहेब' करतोय. म्हटलं करू दे बापडा, ग्लास तर भरतोय!"

वर्लीनने बॅग तिथेच टाकली. रांगेतल्या लोकांना ढकलत ती पुढे आली, दोघांच्या गळ्यातल्या पिशव्या ओढून काढल्या आणि चष्मा लावून कार्डं वाचली. एकाच केबिनची दोन कार्डं. एकच दार दोन्हींनी उघडणार, मग कळणार कसं? आणि क्लाइड तर ओपलच्या केबिनमध्ये जादा किल्लीने जात होता.

"क्लाइड," ती म्हणाली, "काल दुपारी दोन वीसला तू कुठे होतास?"

"तलावाजवळच्या बारमध्ये. आणखी कुठे असणार?"

"काय घेतलंस?"

"बाई, तू काय माझी बायको आहेस?"

"मी आहे," ओपल म्हणाली. "सांग."

"एक व्हिस्की. एकच, देवाशपथ!"

"आणि रविवारी अकरा पाचला? अकरा पन्नासला?"

"अगं, ही बाई आहे की पोलीस?" क्लाइड म्हणाला. पण वर्लीन ऐकत नव्हती. ती तिथेच, उतरणीच्या तोंडाशी मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसताहसता डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मागची रांग ताटकळत उभी होती. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता, रांगेला म्हणावं थांबा.

पहारेकऱ्याने त्यांना कार्डं दुरुस्त करायला काउंटरवर पाठवलं. तिथल्या मुलीने दोन मिनिटांत काम उरकलं. "झालं. आता तुम्ही उतरू शकता."

"त्या चार व्हिस्की क्लाइड बूथच्या नावावर घाला," वर्लीन म्हणाली.

"बाई, केबिनचं खातं एकच आहे. दोनशेतूनच गेले ते. आकड्यात काही फरक पडणार नाही."

"आकडा राहू दे तसाच. नाव बदला."

"त्यासाठी एकेक ओळ खोडून पुन्हा भरावी लागेल. अर्धा तास जाईल. कोझुमेल—"

"कोझुमेल कुठे पळून जात नाही. मला कागदावर हवंय."

अर्ध्या तासाने मुलीने कागद दिला. टकर, लमार. कॉफी. कॉफी. जिंजर एल. आणि बैठकीनंतरचं एक लिंबू सरबत. वर्लीनने तो चार घड्या करून पर्समध्ये ठेवला, पासपोर्टच्या शेजारी.

बूथ जोडपं केव्हाच बाजारात पसार झालं होतं. वर्लीन आणि लमार धक्क्यावरच्या बाकावर बसले. लमारने पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे पाहिलं.

"टॉवेल नाहीत त्यात," तो म्हणाला.

"नाहीत."

"ओकाला?"

तिने होकारार्थी मान हलवली. "मला माफ कर रे. मीच घातली कार्डं, चष्म्याशिवाय. आणि वर तुझ्यावरच..."

"मी पण पाहिलं होतं," लमार म्हणाला. "टीव्हीवर. रविवारी सकाळी, तू अंघोळीला गेलीस तेव्हा. शनिवारची व्हिस्की, माझ्या नावावर. हातपाय गार पडले माझे."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? मी घेतली नाही, असं? अकरा वर्षं तेच वाक्य म्हणत होतो मी, घेऊन आल्यावर." तो समुद्राकडे पाहत होता. "काउंटरवर गेलो होतो. मुलगी म्हणाली, कार्ड तुमचंच लागलंय. तू तरी कुणाचं खरं मानलं असतंस? म्हणून मग तू कॉलर नीट करायला आलीस ना, तेव्हा मी वाकलो. तुझं नाक माझ्या तोंडापर्यंत पुरावं म्हणून. दर वेळी जरा जास्तच वाकत होतो."

वर्लीनला पेपरमिंटची आठवण झाली, आणि 'तुलाच लागतील' हे आपलं बोलणंही. ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. त्याची कॉलर आज खरोखरच दुमडलेली होती. तिने हात पुढे केला, तसा तो उठला आणि सवयीने खाली वाकू लागला.

"सरळ उभा राहा," ती म्हणाली, आणि टाचा उंचावून तिने कॉलर नीट केली.